समजा, एक मुलगी आहे

आमच्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस देवणीपासून नांदेडपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि चुकून सापडलाच तर त्या दोघांना लग्नाच्या एका पंगतीला बसवू नये, एवढीच माझी विनंती आहे. खरं बोलण्याचं व्रत घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना आपल्या व्रताचा अभिमान असतो आणि अडचणीच्या वेळी ती हळूच गप्प बसतात. साडूंचं तसं नाही. काही जणांना जशी शिट्टी वाजवता येत नाही, तसं त्यांना खोटं बोलता येत नाही. जीभ तिकडे वळतच नाही. फोन करून "कुठं आहात?" विचारलं तर उत्तर येतं, "खुर्चीवर." "काय चाललंय?" म्हटलं तर, "पंखा." आणि कुणी रस्त्यात सहज म्हणून "कसं काय डॉक्टर, बरं आहे ना?" असं विचारून पुढे निघू लागला, तर त्याला थांबवून सकाळच्या पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली जाते, कारण त्याने विचारलेलं असतं. माझ्या नातवाच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमून बाळ कुणावर गेलंय याचा निकाल लावत होत्या. त्यातल्या एकीने साडूंनाही विचारलं. त्यांनी चष्मा लावला, पाळण्यावर वाकले, बाळाला दोन्ही बाजूंनी नीट तपासलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अजून कुणावरच गेलं न्हाई. कान तेवढे सरांवर गेलेत. ते वाढतेत." माझी सून त्यानंतर दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, म्हणून शेवटी कंटाळून तिनेच बोलायला सुरुवात केली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते आणि बहिणीला अक्का. मी उदगीरच्या एका शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून ते मला लग्नापासून सर म्हणतात. ते स्वतः जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी देवणी आणि आसपासच्या गावांत काढली. बढती दोनदा चालून आली होती, पण त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं असतं, आणि शहरात हॉर्न वाजतात. त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं : "मला आवाज सहन होत नाही. देवणीत बैल आहेत, ते कमी बोलतात." हा कागद म्हणे अजून कुठल्यातरी फायलीत आहे.

त्यांच्या सवयींचा बंदोबस्त करणं हे आमच्या दोन्ही घरांचं सामाईक काम आहे. त्यांच्याकडे एकाच कापडाचे, एकाच शिंप्याने शिवलेले सहा सदरे आहेत आणि प्रत्येकाची कॉलरमागची चिठ्ठी उसवलेली आहे, कारण ती मानेला टोचते. ताटात वरण भाजीला लागलेलं त्यांना चालत नाही, म्हणून लग्नकार्याला ते पिशवीत दोन वाट्या घेऊन येतात आणि पंगतीत शांतपणे पिशवी उघडतात. बँड सुरू झाला की उठून जातात. वऱ्हाड शोधत बसतं आणि साडू कुणाच्या तरी गोठ्यात म्हशीशेजारी बसलेले सापडतात. एकदा मी त्यांना चार वाजता या म्हणालो होतो. देवणीची बस लवकर पोचली. बायकोने खिडकीतून बघितलं तर दाजी समोरच्या लिंबाखाली उभे, हातात छत्री. तिने शेजारणीच्या हाती चहा पाठवला. त्यांनी तो परत पाठवला आणि निरोप दिला की चहा चार वाजताचा आहे, आता पावणेचार झालेत. अशा माणसाला गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ भेटले. मीही त्यांच्यातलाच होतो. लग्नानंतरची पहिली दहाएक वर्षं मला खात्री होती की हा गृहस्थ मला कमी लेखतो, कारण बोलताना तो माझ्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघतो.

माझं मत बदललं ते त्यांना जनावरासमोर बघितल्यावर. देवणीच्या बाजारात एक शेवरा, म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा बैल, दावं तोडून सैरभैर झाला होता. लोक काठ्या घेऊन गोल करून उभे. साडू आले, सगळ्यांना मागे सारलं आणि बैलाकडे पाठ करून मातीत मांडी घालून बसले. पाऊण तास बसले. ना हाक, ना चुचकारणं. शेवटी तो बैल स्वतःच आला आणि त्यांच्या खांद्याजवळ फुसफुसत उभा राहिला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "सर, सगळी मिळून त्याच्याकडं बगायलेत. कुणी असं डोळ्यात डोळे घालून बगितलं की जीव घाबरतोय. मला बी होतंय तसं." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या मनाविषयी सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि मी ती ऐकून सोडून दिली.

त्यांची एकुलती एक मुलगी संगीता लातूरला असते, आणि तिची मुलगी जुई. जुई तिसरीत गेली तेव्हाची ही हकीकत आहे. जुईला लहानपणापासून पाण्याचा नाद. लातूरला नळाला पाणी रोज येत नाही, कुठल्या गल्लीला कधी येईल याचा नेम नसतो असं आपण म्हणतो. जुईच्या मते नेम असतो, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. ती लिहून ठेवायची. तिच्या वहीत आजूबाजूच्या अकरा गल्ल्यांचं पाणी होतं, आलं कधी, गेलं कधी, धार किती जाड. बायका सकाळी दाराशी येऊन "जुई, आमचं उद्या का परवा गं?" असं विचारायच्या आणि ती वर न बघता सांगायची. माझी ओळख कुणीतरी "हे उदगीरचे आबा" अशी करून दिली, तेव्हा तिने माझ्या शर्टच्या गुंडीकडे बघत दुरुस्ती केली, "आबा नाहीत. आईच्या मावशीचे यजमान आहेत." मला हे बोलणं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. मी साडूंकडे बघितलं. ते समाधानाने मान डोलवत होते.

शाळेत मात्र तिचं जमेना. एकदा वर्गाच्या बाई वैतागून म्हणाल्या, "जुई, आता तोंड बंद ठेव." जुईने ठेवलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही, पाणी प्यायली नाही, हजेरीला ओ दिली नाही. शाळा सुटल्यावर संगीता न्यायला आली, तेव्हाही ओठ घट्ट मिटलेले. उघड असं कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंना वाटलं, पोरगी चिडवतेय. मग संगीताने तिला लातूरच्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी चार-पाच वेळा बोलावून, तपासून, नीट समजावून सांगितलं. हा आजार नाही, ही मेंदूची वेगळी घडण आहे; पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे, आता ऑटिझमच्या मोठ्या छत्रीखाली घेतात. साडूही सोबत गेले होते. त्यांनी छत्री कशासाठी असं विचारलं, त्याचं उत्तर लिहून घेतलं, लक्षणांचा कागद मागून घेतला आणि घरी येऊन खुर्चीवर बसून पेन्सिलीने खुणा करत वाचला. मग अक्कांना म्हणाले, "यातली चार सोडली तर बाकी सगळी माझीच हायत." अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे न बघता उत्तर दिलं, "ते मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. नाव तेवढं माहीत नव्हतं."

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच महिन्यात वर्गातल्या श्रेया नावाच्या मुलीने खेळता खेळता जुईला मागून येऊन मिठी मारली. जुई किंचाळली आणि तिने हात झटकला. श्रेया बाकावर पडली, हनुवटीला दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी पाच-सहा पालक मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत उभे. संगीताला बोलावून सांगण्यात आलं की मुलगी हुशार आहे, पण वार्षिक परीक्षेनंतर दुसरी शाळा बघितलेली बरी. वर्गातली मुलं त्या दिवसापासून जुईच्या बाकापासून लांब बसू लागली. संगीता फोनवर अक्कांजवळ रडली. अक्का आमच्याकडे फोन करून रडल्या. साडू रडले नाहीत. ते सकाळच्या बसने लातूरला गेले आणि मुख्याध्यापिकांसमोर जाऊन बसले.

"तुम्ही काय करणार आजोबा?" बाईंनी विचारलं.

"एक महिना द्या. वर्गातल्या लेकरांना समजावून सांगतो."

"कसं?"

"लिहून."

बाई भल्या होत्या. त्यांनी महिना दिला आणि एक तास देण्याचंही कबूल केलं. साडू तिथून थेट उदगीरला माझ्याकडे आले. हातात चार पानं होती. शेतकऱ्यांना वाटायला जनावरांच्या रोगांची पत्रकं ते जन्मभर लिहीत आले होते, त्याच पद्धतीने हेही लिहिलेलं होतं. "जुई. मादी. वय आठ वर्षे पाच महिने. चारा-पाणी नियमित. कळपात मिसळत नाही. मागून स्पर्श केल्यास बिथरते. काळजी : समोरून जावे." मी वाचलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने हसलो. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही," मी म्हणालो. "पण तिसरीतली मुलं पत्रक वाचत नाहीत. त्यांना गोष्ट लागते."

"गोष्ट खोटी असती."

"असते. पण..."

"मला जमायचं न्हाई, सर."

आणि हा प्रश्न खरोखर अवघड होता. मी साहित्य शिकवलेला माणूस. कल्पित म्हणजे काय, त्यातून माणूस कसा कळतो, यावर मी एक तास बोललो. साडू माझ्या कानाकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे न झालेलं झालं म्हणून सांगायचं." मी थकून हो म्हणालो. ते उठून देवणीला निघून गेले. मला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सर, गणितात लिहितेत बगा, समजा एका शेतकऱ्याकडं पाच बैल हायत. ते खोटं नसतंय ना?"

"नाही."

"तेला कुणी विचारत न्हाई की शेतकरी कुठला, बैल दाखव."

"नाही विचारत."

"मग जमतंय," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे तीन आठवडे आमचं घर म्हणजे छापखान्याची पाठची खोली झालं होतं. साडू एक दिवसाआड चार वाजता यायचे, रेघांच्या वहीत लिहिलेलं एकेक प्रकरण घेऊन. प्रत्येक प्रकरण "समजा" या शब्दाने सुरू व्हायचं. "समजा, एक मुलगी आहे. समजा, तिला नळाच्या पाण्याचा आवाज आला की कोणत्या गल्लीत किती धार आहे ते कळतं." पुढे ती मुलगी तोंड बंद ठेवायला सांगितल्यावर दिवसभर उपाशी राहते ते सगळं होतं, आणि लिहिलं इतक्या सरळपणे होतं की मला दुरुस्त करायला जागाच सापडेना. पण मी मराठीचा शिक्षक. जागा सापडली नाही तरी मी दुरुस्ती करतोच. मी "तिचे डोळे हरिणीसारखे टपोरे होते" असं एक वाक्य घातलं. साडूंनी ते खोडलं. "हरिणीचे डोळे बाजूला असतेत, सर. पोरगी भेसूर दिसंल." मी "शाळा म्हणजे तिला काटेरी वन वाटे" असं लिहिलं, त्यावर त्यांनी समासात प्रश्न लिहिला : कोणते काटे? बाभळीचे की बोरीचे? शेवटी मी हार मानली आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघू लागलो. बायको म्हणाली, तुम्ही दोघं या वयात भांडायला लागलात, म्हणजे आता कुठे साडू झालात.

एका प्रकरणावर आम्ही दोघेही अडलो. मिठीचं प्रकरण. ते साडूंनी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. पाचव्या वेळी त्यांनी जे आणलं, त्यात मी ऱ्हस्व-दीर्घही बघितले नाहीत. "समजा, तुम्ही पाठमोरे उभे आहात. थंडीचे दिवस आहेत. कुणीतरी मागून येऊन तुमच्या अंगावर गार पाण्याची बादली ओततं. ओतणाऱ्याला वाटतं, तुम्हाला मजा येईल. तुम्ही ओरडता. मग सगळे म्हणतात, बघा, किती वाईट आहे, हिला पाणी आवडत नाही." मी त्यांना विचारलं, हे जुईने सांगितलं का. ते म्हणाले, "न्हाई. तिला कशाला विचारू? मला म्हाईत हाय की."

शेवटचं प्रकरण मात्र मी त्यांच्याकडून हट्टाने मागून घेतलं. गोष्टीला शेवट लागतो आणि शेवटात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती. मी लिहिलं की उन्हाळा कडक पडतो, शाळेच्या टाकीत पाणी नाही, सगळे हवालदिल, आणि मग ही मुलगी आपल्या वहीवरून सांगते की उद्या पहाटे पाणी येणार. पाणी येतं, सगळा वर्ग टाळ्यांचा कडकडाट करतो, मुली तिला मिठी मारतात आणि ती पहिल्यांदा सगळ्यांसारखी खळखळून हसते. मी ते साडूंना सगळ्या चढउतारांसह वाचून दाखवलं. साडू म्हणाले, "तसल्ली वाटत न्हाई. जुईला विचारू."

रविवारी आम्ही दोघे लातूरला गेलो. जुईने सगळी वही जमिनीवर पालथं पडून वाचली. मधे कुठे हसली, कुठे पेन्सिलीने गल्लीचं नाव दुरुस्त केलं. शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबली.

"टाळ्या का वाजवल्या?" तिने विचारलं. "एवढ्या टाळ्या वाजल्यावर ती कानावर हात ठेवेल."

"बरं," मी म्हणालो. "टाळ्या काढू."

"आणि तिने पाण्याचं सांगितलं म्हणून त्या तिच्याशी खेळायला लागल्या?"

"हो. त्यांना कळलं ना, ती किती हुशार आहे."

जुईने थोडा विचार केला. "आणि तिला पाण्याचं माहीत नसतं तर?"

मी तिसरी ते दहावीच्या मुलांना तीसेक वर्षं शिकवलं. अनेक पोरांनी मला अडचणीत आणलेलं आहे. मी साडूंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, ते प्रकरण शांतपणे फाडून पिशवीत ठेवलं आणि जुईला विचारलं, "मग शेवट काय करू?"

"काहीच करू नका. ती आहे तशी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते."

तसाच शेवट झाला. उदगीरला ओळखीच्या छापखान्यात पुस्तक छापलं, बत्तीस पानांचं, मोठ्या अक्षरात. चित्रं संगीताने काढली. मुखपृष्ठावर एक नळ आणि त्याच्याकडे बघणारी पाठमोरी मुलगी. लेखकाच्या नावाखाली साडूंनी "जनावरांचे डॉक्टर, निवृत्त" असं टाकायला लावलं. नाहीतर लोकांना वाटेल हा लेखक आहे.

महिना संपत आला त्या गुरुवारी तिसरीच्या वर्गात वाचन ठरलं. जुईने वर्गात बसावं की घरी थांबावं यावरून घरात दोन दिवस खल झाला. जुईने एका वाक्यात निकाल लावला, "गुरुवारी शाळा असते." मी सोबत गेलो होतो आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मला धाकधूक होती, कारण साडूंचा वाचनाचा आवाज म्हणजे लसीकरणाची दवंडी. ते उभे राहिले आणि चष्मा पुसून एका सुरात वाचू लागले. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मुलांना हा सूर फार आवडलाय. मोठी माणसं गोष्ट सांगताना आवाज बारीक-मोठा करतात, डोळे फिरवतात. हे आजोबा तसं काही करत नव्हते. तोंड बंद ठेवण्याच्या प्रकरणाला पोरं हसली आणि हसता हसता गप्प झाली. वर्गाच्या बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पाण्याच्या बादलीपाशी वर्गात कुणी हललंही नाही.

वाचून झाल्यावर साडू म्हणाले, "कुणाला काय विचारायचं असंल तर विचारा." पहिल्या बाकावरून श्रेया उठली. हनुवटीवर टाक्यांची रेघ अजून गुलाबी होती.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला ती आवडते म्हणून मी मिठी मारली. मग ते सांगायचं कसं?"

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे चार गोड वाक्यं सांगितली असती. माझ्याकडे तर तयार होती. साडू म्हणाले, "मला म्हाईत न्हाई. तिलाच विचार."

सगळा वर्ग वळला. जुई खिडकीजवळच्या बाकावर बसली होती आणि बाकाच्या कडेकडे बघत होती. दाराशी उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका बाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या, साडूंनी हाताने त्यांना थांबवलं. मग जुई बोलली, बाकालाच सांगितल्यासारखं.

"समोरून ये. आधी विचार. मी बहुतेक नाही म्हणेन." मग थोडं थांबून, "नाही म्हटलं तरी जाऊ नको."

श्रेया "बरं" म्हणाली आणि खाली बसली. तास संपला. साडूंनी पिशवी उचलली.

यानंतर जादू झाली असं मी म्हणणार नाही. तसा शेवट मी एकदा लिहून बघितला होता. पण जुई त्याच शाळेत आहे, आता पाचवीत. श्रेया समोर येऊन विचारते, जुई बहुतेक नाही म्हणते, आणि श्रेया तिथेच शेजारी बसून डबा खाते. दोघी-तिघींना आता गल्ल्यांच्या पाण्याचा हिशोब पाठ झालाय, कारण जुई दुसरं काही बोलत नाही. एक-दोन पालक अजून नाराज आहेत. बाईंनी पुस्तकाच्या प्रती वर्गाच्या कपाटात ठेवल्या, त्यांच्या ओळखीच्या नांदेडच्या एका शिक्षिकेने आणखी मागवल्या, मग निलंग्याहून पत्र आलं. साडू प्रत्येक प्रत स्वतः खाकी कागदात बांधतात, पत्ता माझ्या अक्षरात घालून घेतात, कारण त्यांच्या अक्षरातला पत्ता फक्त जनावरांच्या दवाखान्यात पोचतो.

असेच एकदा ते यादी घेऊन बसले होते. मी पत्ते लिहीत होतो. शाळा, शाळा, वाचनालय, शाळा, आणि मग देगलूरच्या एका गृहस्थाचं नाव. आडनाव ओळखीचं नव्हतं.

"हे कोण? शिक्षक आहेत का?"

"न्हाई. वर्गात होता माझ्या. देवणीत. चौथीपर्यंत संगं बसायचा."

"मित्र?"

"हाव. एकच होता." ते दोरा गुंडाळत होते. "मग एक दिवस म्हणला, तू आमच्यात येऊ नको. मी विचारलो, का. त्यानं सांगितलं न्हाई. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तो सोमवार होता."

मी पेन खाली ठेवलं. साडू आता सत्तरीला आलेत. "तुम्हाला राग आला होता?"

"न्हाई. मला समजलंच न्हाई. मी लई दिवस विचार केला, माझं काय चुकलं. आता ह्या पुस्तकापायी थोडं कळलंय. त्याला बी कळावं म्हणून पाठवायलाव."

"पत्ता कुठून मिळवला?"

"मिळवायचा काय? मला कायम म्हाईत हाय. त्यानं तीनदा घर बदललं."

मी म्हणालो, ही गोष्ट पुस्तकात यायला हवी होती. ते म्हणाले, नको, ते लेकरांचं पुस्तक हाय. मग मी पत्ता लिहिला, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, आणि ते पोस्टात पोचपावतीसह देऊन आले.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा त्यांनी खिशातून ती पोचपावती काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. खाली निळ्या शाईत थरथरती सही होती.

"पोचलं," म्हणाले.

"पत्र, फोन, काही?"

"न्हाई."

बायको चहा घेऊन आली, ठेवून गेली. त्यांनी ती पावती परत हातात घेतली, चष्मा वर करून डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

"सही त्याचीच हाय," ते म्हणाले. "ल अजून तसाच काढतोय."